फौजी आणि मातीचा खांब

आमच्या यांनी जन्मभर लढाया लिहिल्या, पण एकही पृथ्वीवरची नाही. सगळ्या मंगळावरच्या, नाहीतर ज्यांना अजून नावसुद्धा नाही अशा ग्रहांवरच्या. तुमचे मिस्टर काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगायची, दिवसा फोन उचलतात आणि संध्याकाळी आभाळात फौजा उतरवतात. विचारणारीला वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय.

फौजेत ते वायरलेसवर होते. पेन्शनीत आले तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत टेबलं आधी आली, खुर्च्या मागून, आणि यांना टेलिफोनची खोली मिळाली. दोन फोनांच्या मधल्या वेळात यांची यानं उडायची. घरी आले की मी ज्वारी निवडत बसायची आणि हे लिहिलेलं वाचून दाखवायचे. माझं ऐकून झाल्याशिवाय गोष्ट घराबाहेर जायची नाही.

माझी तक्रार एकच. यांचे सगळे ग्रह कोरडे ठाक.

"एखाद्या ग्रहावर तरी नदी घाला की," मी म्हणायची. "कागदावर काय टँकर लागतोय?"

"बघितल्याबिगर लिव्हता येत न्हाई मला."

जसं काही मंगळ बघून आले होते! पण दुष्काळ मात्र बघितला होता, आणि तो दोघांनी एकाच जागी बघितला.

आमचं लग्न झालं आणि आठवड्यात यांची सुट्टी संपली. पुढं पाऊस रुसला तो रुसलाच. जळकोटकडच्या आमच्या गावाजवळ तलावाचं दुष्काळी काम निघालं, तिथं सासूबाईंबरोबर मी माती वाहायला जायची. खोदताना खड्ड्याच्या मधे मूळ जमिनीचा एक मातीचा खांब तसाच ठेवायचा, अशी त्या कामाची रीत. किती खोल खोदलं ते साहेब त्या खांबावरून मोजायचा. खांब ढासळला तर सगळ्या टोळीचं माप बुडालं. म्हणून त्याला कुणी टेकायचंसुद्धा नाही. मुकादम त्याची राखण पोटच्या पोरासारखी करायचा.

एका दुपारी हे सुट्टीवर आले, ते अहमदपूरच्या स्टँडवरून घरी न जाता थेट कामावर. अंगात वर्दी, डोक्यावर ट्रंक, हातात बिस्किटाचा डबा. खाली खड्ड्यात आम्ही बायका, एकजात धुळीनं पांढऱ्या, तोंडाला पदर बांधलेल्या. बायकोचं तोंड यांनी उणापुरा आठवडा पाहिलेलं. भांबावून इकडं तिकडं बघितलं आणि डबा नेऊन दिला तो माझ्या शेजारणीच्या हातात! सगळा खड्डा हसला. ती बया डबा छातीशी धरून म्हणते, "मी कुठं न्हाई म्हनले?"

माझं टाळकं सरकलं. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. मग मी सरळ त्या खांबावर चढले आणि दोन्ही हात हलवून ओरडले, "ओ फौजी! इकडं, इकडं!"

मुकादम काठी घेऊन पळत आला. "उतर खाली! माप बिघडंल!"

खांब टिकला. बिस्किटं मात्र शेजारणीनं अर्ध्या टोळीला वाटली. ते मी यांना पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं.

दिवाळी अंकांत यांच्या गोष्टी छापून यायच्या, पण पुस्तक कुणी घेत नव्हतं. मग पुण्याच्या एका प्रकाशकाला एक कादंबरी पसंत पडली. त्यांची अट एकच: शेवटचं प्रकरण काढून तिथं मोठी लढाई घाला. हे तयार होईनात. आणि नेमकं तेच प्रकरण यांनी मला वाचून दाखवलेलं नव्हतं. मी महिनाभर डोकं खाल्लं. एवढी पन्नाशी उलटली, एक पुस्तक बघू द्या की डोळ्यांनी. काढा ते पान, घाला लढाई, तुम्हाला काय कमी हायेत लढाया!

शेवटी चिडून यांनी ते प्रकरण माझ्यासमोर वाचलं. युद्ध संपवून एक शिपाई घरच्या ग्रहावर परततो. तिथं धुळीची वादळं, सगळी माणसं एकसारखा पोशाख घालून खोदत असतात, कुणाचंही तोंड दिसत नाही. हा वेड्यासारखा आपली बाई शोधतो. आणि खड्ड्याच्या मधे, मातीच्या खांबावर चढून, कुणीतरी दोन्ही हात हलवतं.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला की हे इतकी वर्षं पोटात ठेवून बसले.

"एक ओळ काढायची न्हाई," मी म्हणाले. "न्हाई छापलं तर न्हाई छापलं."

पुण्याला नकार कळवला. पुढं नांदेडच्या एका छोट्या छापखानेवाल्यानं कादंबरी होती तशी काढली. कागद पिवळा, चित्रातलं यान भोपळ्यासारखं. हे ती उशाशी घेऊन झोपायचे. त्यानंतर आणखी चार पुस्तकं आली, पण उशाशी तीच.

शेवटच्या वर्षी यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. दवाखान्यात मुलगा, सून, नर्स, सगळ्यांकडं सारख्याच नजरेनं बघायचे. माझ्याकडंही. एका सकाळी खाटेभोवती सगळे उभे होते आणि हे एकेकाच्या तोंडाकडं बघत काहीतरी शोधत होते. ती नजर मी आधी एकदा बघितली होती. मी चप्पल काढली, सुनेच्या खांद्याला धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर चढले आणि दोन्ही हात हलवले.

"ओ फौजी! इकडं, इकडं!"

सून घाबरून माझा पदर ओढायला लागली. हे माझ्याकडं बघत राहिले. मग ओठ हलले.

"उतर खाली," हे म्हणाले. "माप बिघडंल."