कायम निघायच्या तयारीत

नवऱ्याने चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी सोडली, मरीन परेडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि आम्ही शिडाच्या बोटीवर राहायला गेलो, तेव्हा हे वेड फार टिकणार नाही असं मी धरूनच चालले होते. बोट जुनी, कोणीतरी वापरून कंटाळलेली. तिच्यातून मलाक्काच्या सामुद्रधुनीने वर मलेशियातल्या लंकावी बेटावर जायचं, जमलं तर पुढे अंदमान, असा त्याचा बेत. सिंगापूरच्या मरीनात, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्यावर, आठवडाभर थांबून निघणार होतो. त्याच आठवड्यात इंजिनाच्या गिअरबॉक्सने मान टाकली. सुटा भाग युरोपातून येणार होता आणि सामुद्रधुनीतल्या मोठमोठ्या जहाजांच्या वर्दळीत इंजिनाशिवाय बाहेर पडणं म्हणजे हायवेवर खाट टाकून झोपणं. तेव्हा थांबलो.

बोटीवरचं आयुष्य आमच्या ओळखीच्या लोकांना फोटोंमधून कळलं होतं. मला ते डोक्याला आलेल्या टेंगळांवरून कळलं. आत उतरताना वाकायचं, हे शिकेपर्यंत कपाळ शाबूत राहिलं नाही. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून लाकडी धक्क्यावरून आंघोळीला जायचं, परत येईपर्यंत पुन्हा घामाने भिजायचं. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, पिठाला डिझेलचा वास. कठड्यावर कपडे वाळत घालायला मरीनाची बंदी, कारण त्याने शोभा जाते. म्हणून माझे पंजाबी ड्रेस आत, गॅसच्या शेगडीवर लोंबायचे आणि त्यांच्याखाली मान घालून मी पोळ्या लाटायची.

शोभा मात्र खरोखर होती. पांढऱ्याशुभ्र बोटी, चकचकीत पितळ आणि एसीची अखंड घरघर. त्या बोटींचे मालक उन्हाळी टोप्या घालून संध्याकाळी बिअर प्यायचे आणि समुद्राविषयी बोलायचे. समुद्रात कोणी जात नसे. सगळे निघायच्या तयारीत होते. कोणाचं शिड शिवायला गेलेलं, कोणाचा रेडिओ यायचा होता, कोणाची बायको. शेजारच्या बोटीवरचा गोरा गृहस्थ तर या सगळ्यांचा गुरू. नांगर कसा टाकावा, वादळात शिडं कशी आवरावीत, यावर तो तासन् तास बोलायचा. त्याच्या बोटीच्या पोटाला इतके शिंपले आणि शेवाळ चिकटलं होतं, की ती तरंगत होती की तळातून उगवली होती, याची मला शंका यायची.

रविवारी आपली मराठी मंडळी यायची. एखाद्या बँकवाल्याची बायको उंच टाचांच्या चपला हातात धरून चढायची, टॉयलेट बघायची आणि मग दोन तास पाणीसुद्धा प्यायची नाही. नवरा सुकाणूचं चाक धरून फोटो काढून घ्यायचा. बोट चारही दोरांनी धक्क्याला बांधलेली, तरी दूर क्षितिजाकडे नजर. "काय भाग्यवान आहात हो," असं म्हणून ते सगळे आपापल्या एसी फ्लॅटांत परतायचे.

मुलगी ऑस्ट्रेलियात शिकत होती. ती फोनवर विचारायची, "आई, still there ah?"

शेवटी सुटा भाग आला, बसला. इंजिन सुरळीत चालू लागलं. मी भांडी बांधून ठेवली. नवरा म्हणाला, "दोर जरा जुने वाटतात, बदलून घेऊ." दोर बदलले. मग फ्रिज. मग म्हणाला, "वारा अजून आपल्या दिशेला वळलेला नाही." वारा वळला, तर शेजारचा गुरू म्हणाला की या दिवसांत अचानक उठणारी वादळं फार. हे कारण नवऱ्याला मनापासून आवडलं.

मग एका संध्याकाळी मी आंघोळ करून परत येत होते. नवरा शेजारच्या बोटीवर बिअर घेऊन बसला होता, डोक्याला तसलीच टोपी. नवीन आलेल्या एका तरुण जोडप्याला तो समजावत होता, "पहिल्यांदा जाताना किनारा धरून राहा. मलाक्काचं पाणी फसवं असतं." ते दोघं आदराने माना डोलवत होते. गुरूही डोलवत होता.

मला इतक्या वर्षांत त्याचा राग पुष्कळदा आला होता. कीव पहिल्यांदाच आली, आणि ती मला रागाहून वाईट वाटली.

सकाळी चहा पिताना मी विचारलं, "तू कधी गेलायस?"

"कुठे?"

"जिथे कसं जायचं ते काल शिकवत होतास."

त्याने चहात बिस्कीट बुडवलं. "घाई करण्यात अर्थ नसतो," एवढंच म्हणाला.

"मंगळवारी निघायचं," मी म्हटलं. "नाहीतर मी भाडेकरूंना नोटीस देऊन घरी राहायला जाते. तू इथेच राहा. एक शिष्यवर्ग मिळालाच आहे तुला."

तो संध्याकाळी जाऊन डिझेल भरून आला.

मंगळवारी धक्क्यावरचा दोर मी स्वतः सोडला. गुरू लुंगीसारखं काहीतरी गुंडाळून बाहेर आला आणि म्हणाला की भरती-ओहोटीची वेळ चुकली आहे, दुपारच्या जेवणापर्यंत परत याल. मी त्याला नमस्कार केला.

पहिली मोठी जहाजं मागे पडेपर्यंत मला दोनदा उलटी झाली. नवऱ्याने चाक सरळ धरलं होतं आणि सल्ला कोणालाच देत नव्हता. रोज थोडं थोडं जात, मलेशियाच्या कळकट बंदरांत मुक्काम करत आम्ही लंकावीला पोचलो. अंदमान झालं नाही. बोट तिथेच विकली, विमानाने परत आलो, भाडेकरूंची मुदत संपल्यावर आपल्या फ्लॅटमध्ये शिरलो. नवऱ्याला वर्षाच्या आत पुन्हा नोकरी मिळाली.

आता गणपतीला कोणाच्या घरी जमलो, की तो मलाक्काची सामुद्रधुनी कशी पार केली ते सांगतो. बरीच वाट इंजिनावर गेली आणि शिडं वर होती त्याहून जास्त वेळ गुंडाळलेली होती, हे तो सांगत नाही. कोणी विचारलंच, तर मी सांगते.