पाठमोरा डोळा

अंधार नेमका कधी पडतो, असं दूर उत्तरेकडच्या ग्रोनेस गावच्या आस्लाउगला कुणी विचारलं तर ती घड्याळाकडे बघत नसे. एप्रनच्या खिशातून लोकरीचे दोन लहान गुंडे काढी, एक करडा, एक निळा, आणि मांडीवर शेजारी शेजारी ठेवी. "यातला निळा कुठला ते सांगता येईनासं झालं, की अंधार पडला. त्याआधी नाही नि त्यानंतर नाही."

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बावीस वर्षांची असताना खाडीच्या तोंडावरच्या खडकातला दिवा सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. ऑगस्टात दिवा लावायला सुरुवात करायची आणि मे महिन्यात, रात्रच उरली नाही की, थांबायचं. मधले नऊ महिने रोज वल्ही मारत जायचं, तेल भरायचं, वात कापायची, काच पुसायची. सरकारी पुस्तकात लिहिलं होतं, 'अंधार पडताच दिवा लावावा.' अंधार कशाला म्हणायचं ते पुस्तकात नव्हतं. मग तिने लोकर घेतली. एकोणीस वर्षं दिवा त्या लोकरीवर लागला.

पुढे एक दिवस कोट घातलेला एक साहेब होडीतून उतरला आणि त्याने कॉफीच्या कपाएवढा काचेचा डोळा दिव्याला जोडला. उजेड कमी झाला की तो डोळा आपणहून दिवा लावणार. साहेब म्हणाला, "हा झोपत नाही, याला सर्दी होत नाही आणि हा पगार मागत नाही."

"लग्न तरी करतो का?" आस्लाउगने विचारलं.

साहेब हसला नाही. आस्लाउगचं काम गेलं. त्यानंतर तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मासे उकडले, नवऱ्याला पुरलं, मुलीला शिकवलं, आणि डोळा हा शब्द त्या अर्थाने कधी उच्चारला नाही.

आता ती एकोणऐंशीची. नोव्हेंबरात, सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच, अशा दिवसांत ती माडीवरून उतरताना पडली. दिव्याचं बटण जिन्याच्या खाली होतं आणि ती वर होती. मनगट मोडलं. बोडो शहरात राहणारी तिची मुलगी तोरिल एका शाळेची मुख्याध्यापिका. ती घरातसुद्धा फळ्यापाशी उभी राहिल्यासारखीच बोले.

"आई, ऐक. एक, तुझा हात. दोन, तुझा जिना. तीन, तुझं वय."

"चार, तुझी मुलगी," आस्लाउग म्हणाली.

पण तोरिलने खरोखरच बोडोत म्हाताऱ्यांसाठीची एक खोली बघून ठेवली होती. खाली डॉक्टर, वर लिफ्ट, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. जानेवारी संपेपर्यंत खोली अडवून ठेवलेली. शेवटी मायलेकींचा तह झाला तो असा: सूर्य परत यायच्या दिवशी तोरिल येणार, बरोबर दिवे बसवणारा स्तियान येणार. घरातले दिवे अंधार पडताच आपोआप लागतात हे तोरिलने डोळ्यांनी बघितलं, तर आई घरात राहणार. नाही लागले तर आई बोडोला.

सूर्य परत यायचा दिवस ग्रोनेसमध्ये तेवीस जानेवारी. डोंगराच्या खाचेतून तो अकरा मिनिटं डोकावतो, शाळेला सुट्टी असते आणि घरोघरी मुरंबा भरलेले तळलेले पाव खातात. त्या वर्षी सूर्य बहुधा आला असावा. खाडीवर बर्फाचे ढग इतके खाली उतरले होते की खात्री देता येत नव्हती. पाव मात्र खाल्ले.

स्तियान भला माणूस, हाताचा कसबी, पण त्याचं वाक्य कधी पुरं होत नसे. बोटीत चढणारा माणूस अर्ध्या फळीवर थांबावा तसा तो प्रत्येक वाक्यात थांबे, आणि उरलेली अर्धी फळी ऐकणाऱ्याने घालायची.

"हे इथं चिकटवलं, की मग ते आपोआप... म्हणजे वायर वगैरे काही..." असं म्हणत त्याने खिशातून एक पांढरी गोल वस्तू काढली. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी.

आस्लाउगने ती तळहातावर घेतली, उलटी केली, परत सुलटी केली. "तार कुठंय?"

"तारच नाही, मावशी. हे हवेतून त्या दिव्याला... रेडिओ कसा..."

"आणि खातो काय?"

"आत एक चपटी बॅटरी. दोन वर्षं तरी..."

"दोन वर्षं?" आस्लाउग म्हणाली. आठवड्याला तेलाचे दोन डबे ती होडीत घालून नेत असे. तिने ते बटण कानाशी धरलं. आतून काहीच ऐकू आलं नाही. उजेड मोजणारी वस्तू निदान कुरकुरेल तरी, असं तिला वाटलं होतं.

स्तियानने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळीवर, जिथे दिवसाचा उजेड सगळ्यात जास्त पडतो तिथे, ते बटण आकाशाकडे तोंड करून चिकटवलं. मोबाईलवर बोटं फिरवली. एक दिवा जिन्यावर, एक स्वयंपाकघरात आणि एक खिडकीत टांगलेला, तिन्ही त्या बटणाच्या हुकमात दिले. खिडकीतला दिवा बटणाच्या बरोबर वर होता. हे तोरिलला दिसलं नाही, स्तियानला दिसलं नाही, आस्लाउगलाही दिसलं नाही. काळोखाच्या महिन्यांत खाडीच्या काठी प्रत्येक खिडकीत दिवा असतो. जन्मापासून असतो. तो दिवा आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही, तो खिडकीचाच भाग.

अडीच वाजता खाडी निळी झाली, मग शिशासारखी करडी. तोरिल हाताची घडी घालून जिन्यापाशी उभी राहिली. "आता कुणी कशाला हात लावायचा नाही."

तिन्ही दिवे एकदम लागले. सगळं घर हातात पाव धरून दिव्यांकडे बघू लागलं.

दहा सेकंदांनी दिवे गेले.

परत लागले. परत गेले.

"हे जरा... याचं काय, एखादं अपडेट..." स्तियान मोबाईलवर वाकला.

दिवे लागले, गेले. पाव तास हेच: जिना दिसला, नाहीसा झाला.

"आई," तोरिल म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने आकडे मोजले नाहीत. "अशा जिन्यावर तू पाय ठेवणार? हे नसण्यापेक्षा वाईट आहे. मी उद्या बोडोला फोन करते."

आस्लाउग खुर्चीत बसून खिडकीकडे बघत होती. दिवा लागला की बाहेरचा बर्फ पांढरा होई, गेला की काळा. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही आलं, की तोरिलला वाटलं आईला चक्कर येते आहे.

"हा तोच आहे," आस्लाउग म्हणाली.

"कोण तोच?"

एवढ्यात बाहेर मोटारबोटीची घरघर ऐकू आली, मग पायरीवर जड बूट. दार न ठोकता हाल्वार आत आला. हाल्वार खाडीपलीकडे राहणारा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा मासेमार. पाण्यात पडलं तरी बुडू न देणारा नारिंगी पोशाख गळ्यापर्यंत, भुवयांवर बर्फ. त्याने आस्लाउगकडे नखशिखान्त पाहिलं.

"मेली नाहीस," तो म्हणाला.

"अजून नाही."

"खिडकी मिचकावतेय तुझी. या काठावर खिडकी मिचकावली की यायचं असतं."

"या बर्फातून आलात?" तोरिलने विचारलं.

हाल्वारने 'हो' म्हटलं. तिकडे सगळेच हो म्हणताना श्वास आत ओढतात, पण हाल्वारचा हो म्हणजे शब्द बाहेर यायच्या ऐवजी आत गेल्यासारखा, थंड पाण्यात पाय पडल्यासारखा. "किती वेळ लागला?" याचं उत्तर त्याने दिलं, "बारा मिनिटं. पॅन्ट सापडेना."

आस्लाउग उठली. उजव्या मनगटाला अजून पट्टी होती, म्हणून डाव्या हाताने तिने फळीवरचं बटण उचकटलं.

"स्तियान, याला काय दिसतंय ते सांगू? याला आपलाच दिवा दिसतोय. अंधार पडला म्हणून हा दिवा लावतो. दिवा लागला की म्हणतो, अरे, दिवस उजाडला, आणि विझवतो. खडकावरच्या त्या थोरल्या डोळ्याचंही पहिल्या हिवाळ्यात असंच झालं होतं. बर्फ पडायला लागला, दिव्याचा उजेड बर्फावरून उलटा त्याच्याच डोळ्यात. सारखा मिचकावत बसला."

"मग साहेबांनी..."

"साहेबांना कुठलं कळायला. मी गेले आणि फिरवला. उत्तरेकडे तोंड, दिव्याकडे पाठ. डोळ्याने आपल्या दिव्याकडे पाठ करून बसायचं, एवढंच. वसंतात कचेरीचं पत्र आलं, यंत्राने उत्तम सेवा बजावली म्हणून." ती जरा थांबली. "कुणाला सांगितलं नाही मी. काम माझं नव्हतं ना राहिलं."

"मी होतो त्या रात्री बाहेर," हाल्वार म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. विचारल्याशिवाय त्याने जुनी गोष्ट काढलेली कुणी ऐकली नव्हती. "जाळी भरलेली. दिवा मिचकावतोय, खडक कुठे ते कळेना. मग तुझी होडी दिसली. मग दिवा स्थिर झाला. त्या उजेडावर आम्ही होडीतले तिघं घरी आलो."

"तू कधी बोलला नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

तोरिलने खुर्ची ओढली आणि बसली.

आस्लाउग बटण तळहातावर घेऊन कोठीच्या खोलीकडे निघाली, तिकडची खिडकी उत्तरेची म्हणून. दोन पावलं गेली, आणि सवयीने तिने मूठ मिटली. मागे सगळं घर लख्ख झालं. ती वळली. मूठ उघडली, तर मागचे दिवे तळहातावरच्या त्या बटणाला दिसले आणि घर विझलं. मूठ मिटली. लागलं.

ना तार, ना तेल, ना वात. एकोणीस वर्षं ज्याच्यापाशी रोज वल्ही मारत जावं लागलं, ते आज मुठीत होतं. आस्लाउग कोठीच्या दारात उभी राहून हाताकडे बघत राहिली. म्हाताऱ्या माणसाने हातात पक्ष्याचं पिल्लू धरावं तशी तिने बोटं जरा सैल ठेवली होती.

"मावशी, किती उजेडाला लावायचं ते आकड्यात... मी आपला अंदाजाने दहा..." स्तियान पुटपुटला.

"अंदाजाने?" आस्लाउगने खिशातून लोकर काढली. "तुझ्या त्या मोबाईलवर आकडा दिसतो ना? बघत राहा. सगळे दिवे बंद कर. निळा ओळखू येईना झाला की मी 'आता' म्हणेन."

ती कोठीच्या खिडकीपासून आत आत सरकू लागली. एका हातात बटण, दुसऱ्यात दोन गुंडे. "आता," ती म्हणाली.

"चार."

ती ओसरीवर गेली. बाहेरच्या बर्फाचा उजेड तिथे जास्त होता. भिंतीच्या कडेने सरकत सरकत कोपऱ्यात पोचली. "आता."

"चार," स्तियान म्हणाला. "म्हणजे परत..."

"आता," जिन्याखालून तिचा आवाज आला.

स्तियानने मोबाईल तोरिलसमोर धरला. त्याचं वाक्य या वेळी पुरं झालं, आणि हेच सगळ्यांना जास्त लक्षात राहिलं. "तिन्ही वेळा चार. मला आकडा बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि त्यांना लोकर बघून सांगता येतं."

चार हा आकडा टाकला गेला. बटण कोठीच्या उत्तरेच्या खिडकीत बसलं, घराकडे पाठ करून, आकाशाकडे तोंड करून. पण तोरिलने ते बसवायच्या आधी एक गोष्ट मागितली. ती जिन्याने वर गेली, आई पडली होती त्या पायरीवर अंधारात उभी राहिली, आणि वरूनच म्हणाली, "कर."

खाली कोठीच्या खिडकीपाशी आस्लाउगने मूठ मिटली. जिना पायरी पायरीने नव्हे, एकदम सगळा प्रकट झाला. कठड्याची गाठ दिसली, भिंतीवरचा बाबांच्या टोपीचा खिळा दिसला.

"परत कर," तोरिल म्हणाली.

आस्लाउगने केलं.

"अजून एकदा."

हा आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. खडकावर जाताना होडीच्या टोकाला बसून "दिवा अजून एकदा लाव ना" म्हणणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीचा होता. आस्लाउगने पाच वेळा मूठ मिटली. हाल्वारने मध्येच आठवण करून दिली, की पलीकडच्या काठावर आणखी दोन म्हातारे आहेत आणि तेही पॅन्ट शोधायला लागले असतील. तेव्हा कुठे खेळ थांबला.

जाताना तोरिल दारात घुटमळली. "एक, कठड्यावर दोन्ही हात ठेवायचे. दोन, बोडोला मी फोन करते, खोली सोडली म्हणून. तीन..." तीन तिला सुचेना. "तीन, ऑगस्टात येते मी. दिवे परत लागायला लागले की."

"चार?" आस्लाउगने विचारलं.

"चार तुझ्या यंत्रात आहे," तोरिल म्हणाली, आणि आईच्या दुखऱ्या मनगटाला धक्का न लावता तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. खाचेतून सूर्य आला, चौदा मिनिटं थांबला, कोठीच्या फळीवरच्या त्या पांढऱ्या बटणावरही पडला. अडीच वाजता आस्लाउग मांडीवर लोकर घेऊन खुर्चीत बसली. करडा डावीकडे, निळा उजवीकडे. खाडी निळी झाली, मग शिशाच्या रंगाची. ती गुंड्यांवरून नजर न हलवता वाट बघत राहिली. निळा राखेसारखा होत गेला, करड्यात मिसळत गेला, आणि 'आता' म्हणायला तिने तोंड उघडलं.

शब्द ओठांतच राहिला. घर उजळलं होतं, आणि मांडीवर निळा गुंडा निळा दिसत होता.