औषधातला वाटा

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, सन २००९ मध्ये एका अत्यंत गंभीर प्रश्नाने आमच्या मालवणच्या घरात मुक्काम ठोकला होता, आणि तो थेट माझ्या वहिनीच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर बसला होता. वहिनी मासे विकायची. ते बोट गेलं, तर आडाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, सुरमई धरणार कोण?

झालं असं की, शेंगटी साफ करताना तिचा काटा त्या बोटात घुसला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आता आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं, ओढताना दोराला ज्याचा हात लागतो, त्याला माशांत वाटा मिळतो. वहिनीने हाच कायदा औषधाला लावला. ठणका कमी होईपर्यंत दोन गोळ्या स्वतः घेतल्या आणि उरलेल्या बाजारातल्या बायकांत वाटल्या. जिच्या बोटाला काटा, तिला गोळी! एक तर शेजारणीच्या लंगड्या कुत्र्यालाही मिळाली.

तीन आठवड्यांत बोटाचं वांगं झालं. पुन्हा तेच औषध घेतलं, तरी सूज हटेना. "हाडापर्यंत गेलं तर कापावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात वहिनीची मुलगी, माझी पुतणी, पुण्याहून आली. ती तिथे रसायनशास्त्रात संशोधन करायची. कशावर, ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं. लग्न कधी, एवढंच विचारायचो. तिने आल्या आल्या आईला सावंतवाडीला नेलं आणि जखमेतला पू तपासायला दिला. निकाल यायला चार दिवस होते. वाट बघताना वहिनीनेच विषय काढला.

"तू थंय नक्की करतंस काय गो?"

पुतणीने वाटीत खोबरेल ओतलं आणि चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. मीठ तळाशी गेलं ते तिथेच बसून राहिलं.

"जंतूची कातडी अशी तेलकट आसता, आये. भायर मीठ कितीय असांदे, आपसूक आत जायत नाय."

"म्हणान तर! मी मीठ चोळून बघलंय, नुसती आग झाली."

"मी एक इवलीशी होडी करतंय. ती मिठातला क्लोराईड पोटात घेता, तेलातसून पलीकडे नेऊन सोडता नि परत येता. फेरी मागून फेरी. जंतूच्या आतलो तोल गेलो, की तो मरता."

जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठी ही नवी वाट, असं तिने मला समजावलं. दशावतारी नाटकांत काम करताना मी पुष्कळ राक्षस लोळवले आहेत, पण राक्षसाच्या पोटात होडीने मीठ पोचवायचं आमच्यात कोणाला सुचलं नव्हतं. मी जागेवरून उठून तिला मुजरा केला.

वहिनीने बोट पुढे केलं. "मगे घाल ती होडी ह्येच्यात!"

"नाय. ती अजून काचेच्या नळीतच चलता. माणसाक सोसतली काय, ठावक नाय."

"आवशीक पण नाय?"

"आवशीक तर नायच."

होडीचं मला कौतुक वाटलंच, पण सख्ख्या आईलाही ऐकवलेल्या या 'नायच'चं जास्त वाटलं. तिच्या जागी मी असतो, तर टाळ्यांसाठी काहीतरी ओतून मोकळा झालो असतो.

निकाल आला. एक वेगळं औषध त्या जंतूंवर चालणार होतं. दहा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पुतणीने रजा वाढवून आईसमोर मुक्काम ठोकला. चौथ्या दिवशी ठणका थांबला. आता खरी परीक्षा होती, कारण मागच्या वेळी घात इथेच झाला होता. आणि नेमकी त्याच दुपारी ती कुत्र्याची मालकीण सुजलेला अंगठा घेऊन दारात आली.

"दोन गोळये माका दी गो, तुझा दुखणा नाय ना आता?"

पुतणीने नुसतं आईकडे बघितलं. वहिनीने गोळ्यांचं पाकीट कमरेला खोचलं आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "जा, आधी तुझो पू तपासून घे! ही काय रापण नाय वाटो मागूक!"