चाचांच्या वहीतली शेवटची ओळ

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी तुळजापूरला शाळेत विज्ञान शिकवतो, आणि रेडिओवरून लोकांशी बोलायचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना माझ्याकडे वीस वर्षं आहे. आवाज आला म्हणजे कुठंतरी ट्रान्समीटर चालू आहे, एवढंच मला ठाऊक.

या छंदातली नवीन मंडळी विचारतात, कुठल्या वेबसाइट उपयोगी? मी पहिल्यांदा वेब रिसीव्हर सांगायचो. दूर कुणीतरी लावलेला रिसीव्हर आपण मोबाईलवर ऐकायचा... सेट नको, अँटेना नको. फक्त ऐकता येतं, उलट बोलता येत नाही. मला त्याची इतकी सवय लागली, की वादळात पडलेली अँटेना मी पुन्हा उभारलीच नाही.

रेडिओची विद्या मला शिकवली तामलवाडीच्या रशीदचाचांनी. ते शेतातल्या घरात राहायचे. रोज सकाळी सातनंतर रेडिओवर मला हाक मारायचे. मी मोबाईलवर नुसता ऐकायचो. ते ओळखून होते. "मास्तर, फुकटात ऐकायलाव न्हवं? तोंडाला कुलूप लावलंय का?" मी सेट लावावा म्हणून एकदा तर "घराला आग लागली, पळा" असंही म्हणाले होते.

त्या सकाळी नवशिक्यांना नमुना द्यावा म्हणून मी वेबसाइटवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं. चाचा म्हणाले, "मास्तर, जीव लई घाबरा व्हायलाय. पोरं सोलापूरला लग्नाला गेल्यात. येताव का?"

मला वाटलं, नवी थट्टा. मोबाईलचा आवाज बंद केला आणि आंघोळीला गेलो.

दुपारी ते गेल्याचा फोन आला.

दफनविधीनंतर त्यांचा थोरला मुलगा सलीम लॉगबुक घेऊन माझ्याजवळ आला. समोरून उत्तर आल्याशिवाय वहीत ओळ लिहायची नाही, हा चाचांचा नियम. शेवटच्या ओळीत सात वाजून बारा मिनिटं, माझं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, 'आवाज खणखणीत', आणि पुढं — 'मास्तर निघाले.'

"सर, बाजूच्या वस्तीवर फोन केला असता तरी माणसं धावली असती," सलीम म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून अब्बा थांबले. वाटेत काय झालं?"

"गाडी पंक्चर झाली," मी म्हणालो.

घरी येऊन त्या सकाळी चालूच राहिलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. चाचांची हाक. मग अकरा सेकंद नुसती खरखर. मग चाचा, हायसं वाटल्यासारखे — "रॉजर, मास्तर, ऐकलं. या सावकाश. मग मी दुसऱ्या कुणाला बोलवत न्हाय."

जाणकार मित्रांना ऐकवलं. त्या खरखरीत कुणालाही दुसरा आवाज सापडला नाही. माझ्या नावानं, माझ्या आवाजात चाचांना कुणी थांबवलं... मला आजही सांगता येत नाही.

हे लिहिण्याआधी ते रेकॉर्डिंग सलीमला पाठवलं. खाली लिहिलं — गाडी पंक्चर झाली नव्हती. मी घरातून निघालोच नव्हतो.

त्यानं ते वाचलंय.