पायऱ्यांखालची लाइन

माझी वहिनी हट्टी आहे. मी नणंद आहे म्हणून असं म्हणतेय असं समजू नका, गावात कोणालाही विचारा. माझा दादा प्लंबर. ऐन थंडीच्या तोंडावर तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. आमच्यासारख्या डोंगरावरच्या गावात प्लंबरला खरं काम असतं ते बर्फाच्या चार महिन्यांतच. अठरा वर्षं वहिनी त्याच्यामागे बॅटरी धरून उभी राहिली होती. दादा पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

लोक दार उघडून आधी तिच्या पाठीमागे बघायचे. "काका नाहीत का?"

"आहेत की, पलंगावर. गोठलेला पाइप मात्र तुमच्याकडे आहे ना?" असं म्हणत ती आत शिरायची.

पाइप गोठला की घाबरलेली माणसं त्यावर उकळतं पाणी ओततात आणि तो फोडून घेतात. वहिनी आधी नळ उघडा ठेवायची. मग गरम पाण्यात बुडवून पिळलेली फडकी नळाच्या बाजूने गुंडाळत हळूहळू मागे जायची, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. दादाने तिला हे कधी शिकवलं नाही. तिने बघून बघून उचललं. ती घरी आल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून विचारायचा, "फुटला का कुठे?" नाही म्हटलं की त्याला बरं वाटायचं की वाईट, देव जाणे.

मी वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. त्या वर्षी उणे एकोणीसपर्यंत पारा उतरला त्या सकाळी मी पातेलं नळाखाली धरलं, तर नळाने नुसता सुस्कारा सोडला. पाणी नाही म्हणजे चहा नाही एवढंच नव्हतं. खोल्या गरम ठेवणारा बॉयलरही पाण्यावर चालतो. मॅनेजरने तो बंद केला आणि सरळ बससाठी फोन लावला. चार वाजता बस येणार होती. एकवीस म्हाताऱ्यांना खाली शहरातल्या दवाखान्यात हलवायचं, आणि घाट एकदा बंद झाला की वसंतापर्यंत तिथेच ठेवायचं. पाच वर्षांपूर्वी बॉयलर बिघडला तेव्हा असंच चौघांना नेलं होतं. त्यातले दोघे परत आले नाहीत.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, ज्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, त्या कोट घालून आपल्या बॅगेवर बसल्या होत्या. "मी खाली जाणार नाही," त्या मला म्हणाल्या. "बॅग भरलीय ती नुसती बसायला."

वहिनी नऊला आली. फाटकाजवळच्या चेंबरमधली तोटी फिरवली, तर पाणी होतं. तळघरात नव्हतं. म्हणजे अडलं होतं ते मधल्या चाळीस पावलांत, जमिनीखाली. ही लाइन दादानेच टाकलेली. तिने त्याला फोन केला.

"सगळी छातीइतकी खोल आहे," दादा म्हणाला. "तिथे गोठणं शक्यच नाही. तू तळघरात नीट बघ."

"बघितलंय."

"मग मला काय विचारतेस?" त्याने फोन ठेवला.

मॅनेजरने हात टेकले. चाळीस पावलं, दगडासारखी जमीन, आणि छातीइतकं खणायचं! "ताई, राहू दे. बस येतेय," तो म्हणाला. वहिनीने बाह्या सरसावल्या आणि फाटकापासून पहार मारायला सुरुवात केली. पहार टणकन उडायची, चिमूटभर माती निघायची. मी बर्फ वितळवून गरम पाण्याच्या बादल्या पोचवत होते. बारा वाजेपर्यंत पावलाभराचा खड्डा झाला होता आणि तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं.

"बस चारला आहे," ती म्हणाली. "आत्ता बाराच वाजलेत."

साडेबाराला दूधवाल्याची गाडी फाटकात थांबली. पुढच्या सीटवरून आधी दोन कुबड्या बाहेर आल्या आणि मग दादा. अंगावर घरातला स्वेटर, तोही उलटा. तो कोणाकडेच बघत नव्हता. दाराच्या दगडी पायऱ्यांपर्यंत तो कसाबसा आला आणि कुबडीने खालची पायरी ठोकली.

"इथे खण. गुडघ्याएवढीही खोल नाही."

वहिनीने पहार खाली ठेवली. "छातीइतकी म्हणालात ना?"

"बाकीची आहे. इथपर्यंत आलो तेव्हा थंडी पडली होती, जमीन फुटेना. म्हटलं, उन्हाळ्यात नीट करू." त्याने कुबडीने पायरीवरचा बर्फ खरवडला. "मग उन्हाळ्यात लाज वाटली."

मी मध्येच म्हणाले, "पण इतकी वर्षं गोठली कशी नाही?"

 उत्तर माझं मलाच सुचलं. दर थंडीला दादा भुशाची पोती आणून त्या पायऱ्यांवर आणि बाजूला रचायचा. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्यांचे पाय घसरू नयेत म्हणून. ती ऊब खरं तर खालच्या पाइपासाठी होती. आश्रमातले सगळे त्याला आशीर्वाद द्यायचे, आणि हा मान खाली घालून ते घ्यायचा. या वर्षी तो पलंगावर होता, आणि पोत्यांविषयी तोंड उघडायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

वहिनी चिडली. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "एकवीस माणसं आहेत आत," ती म्हणाली. "आणि तुम्ही मूग गिळून बसलात!" एवढं बोलून तिने पहार उचलली.

पायरी उचकटायला मॅनेजर आणि दूधवाला दोघेही लागले. दीडला पाइप उघडा पडला. वहिनीने तळघराच्या बाजूने फडकी गुंडाळायला घेतली. दादा शेजारी जमिनीवर बसून तिला फडकी पिळून देत होता. मॅनेजर उकळती किटली घेऊन धावत आला, तेव्हा दोघेही एकदमच त्याच्यावर खेकसले. तीनला पाइपात खरखर झाली. सव्वातीनला स्वयंपाकघरातला नळ खोकला, तांबूस गुळणी टाकली आणि वाहायला लागला. मी तिथेच पातेल्यावर डोकं टेकून रडले. बस आली तेव्हा ड्रायव्हरला चहा देऊन परत पाठवलं. बाई बॅगेवरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, बॉयलर आधी तापू दे.

उन्हाळ्यात वहिनीने पायऱ्यांखालची लाइन नव्याने टाकली. दादाचं हाड जुळलं होतं, तरी तिने त्याला बाजूला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खड्ड्यात उतरली. पाणी प्यायलासुद्धा वर येईना. खड्डा छातीपर्यंत आला तेव्हा दादा म्हणाला, "पुरे आता."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं आणि आणखी हातभर खणलं.