उंदराच्या औषधाखालची ओळ

मराठी चौथीत शाळा सुटली आणि मी रत्नागिरीकडून थेट बारामतीला आलो. एका साप्ताहिकाच्या छापखान्यात जाहिराती तपासायचं काम मिळालं. जेवण मालकांच्या घरी. त्या भाकरीचे उपकार आजही मानतो. तेव्हा मात्र ताटावर बसताना रोज वाटायचं, ही शेवटचीच.

कारण संध्याकाळी मी प्रूफ वाचून सही करायची आणि सकाळी छापून भलतंच यायचं. इंदापूरच्या एका भांडीवाल्याच्या जाहिरातीखाली दातांच्या डॉक्टरची ओळ गेली: ‘न दुखवता उपटून मिळेल.’ भांडीवाला मोटारीने आला आणि मालकांपुढे उभा राहिला.

“काय उपटू, सांगा की! हंड्याचं कान?”

तो गेल्यावर मालक मला म्हणाले, “अजून एक अशी गेली, तर तुला गावी धाडावं लागेल.”

माझा संशय तात्यांवर होता. छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे तेच. त्यांचा भाचा निमगावला रिकामा बसला होता, हे ते येता-जाता ऐकवत. तपासलेल्या जाहिरातींचे जुळवलेले खिळे ते दोरीने बांधून फळीवर ठेवत आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येत. आधी कशाला?

पुढच्या अंकात उंदराचं औषध आणि बाळगुटी, दोन्ही जाहिराती एकाच मापाच्या होत्या. संध्याकाळी दोन्ही तपासल्या. सकाळी यंत्र सुरू होणार तेवढ्यात मी म्हणालो, “तात्या, आणखी एक प्रूफ काढा.”

“काल सही केलीस की.”

“पुन्हा बघतो.”

“मालक, ह्या कोकण्याचा माझ्यावर इस्वास न्हाय. उद्या शाईबी चाखून बघंल!”

“अरे, अंक न्यायची इंदापूरची मोटार सुटेल,” मालक म्हणाले.

मी यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि काढला नाही. मालकांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “काढा, तात्या.”

उंदराच्या औषधाखाली छापून आलं: ‘लहान मुलांस मधातून चाटवावे.’

मालक स्टुलावर बसले. “एखाद्या घरात कुणी हे वाचून...”

तात्यांनी खिशातून दोऱ्यांचे तुकडे काढून पुढे ठेवले. टोकं कुरतडलेली. शाईचे रूळ आमच्याकडेच सरस नि गूळ वितळवून ओतत, ते काम तात्यांचं. उंदरांपायी रूळ पेटीत बंद असायचे. पण गुळाच्या त्याच हातांनी तात्या दोऱ्या बांधायचे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. उंदीर दोरी तोडायचे, शेवटच्या ओळी घसरून फळीवर पडायच्या, आणि तात्या लवकर येऊन त्या अंदाजाने लावून ठेवायचे.

“सांगितलं असतं, तर म्हातारा हाताचा ढिला पडला म्हनला असता तुमी,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “हे औषध आधी आपल्यालाच पायजे, मालक.”

मालक हसले. मला हसू आलं नाही.

ओळी बदलून छापेपर्यंत इंदापूरची मोटार गेली. रात्री जेवताना मालक एवढंच म्हणाले, “सकाळचं प्रूफ आता दर अंकाला. तूच बघायचं.” मालकीणबाईंनी न विचारता दुसरी भाकरी वाढली. ती मी सावकाश खाल्ली.

तेव्हापासून छपाईच्या सकाळी तात्या दोऱ्या माझ्यापुढे आणून टाकत. “बघा, कोकणराव. करा खात्री.”

भाचा अजून निमगावला रिकामाच होता. मी दोरीची दोन्ही टोकं बघायचो, कुरतडलेली आहेत की कापलेली.