डाव्या बाजूचा आरसा

फोन आला तेव्हा मी पवनारच्या स्टँडवर वर्ध्याच्या बसची वाट पाहत होतो. निघालो होतो गुणवंताकडेच. ‘भाऊजी, हे टेबलाखालून उठून नाई राह्यले,’ त्याची बायको, आमच्या वहिनी, एवढंच म्हणाल्या. नालवाडीला त्याच्या घरी पोचलो तर शेजारपाजारची माणसं त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकलेली. आत गुणवंता पालथा, गाल फरशीला टेकलेला, हातातली टॉर्च चालूच. क्षणभर मलाही वाटलं, शोधतोय... त्या खोलीत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, ही सवय त्यानं सगळ्यांनाच लावून ठेवली होती.

आम्ही दोघं पवनारच्या शाळेत एका बाकावरचे. गुणवंतानं जन्मभर वर्ध्यात दातांच्या कवळ्या केल्या. बारीक कामाला सोकावलेली बोटं म्हातारपणी स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यानं पार्सलनं मोटारींचे किट मागवायला सुरुवात केली. प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले शेकडो भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. बॉनेट बंद झाल्यावर दिसणारही नाही असं इंजिनसुद्धा हा रंगवून घ्यायचा. या वयात खेळणी काय खेळतोस, असं मी चिडवलं की म्हणायचा, ‘खेळणं असतं तर तुलेच दिलं असतं बे.’ एखादा भाग चिमट्यातून टक्कन उडाला की आतून आवाज यायचा, ‘हालू नका.’ मग जो जिथं असेल तिथं खिळायचा. वहिनी स्वयंपाकघरात, दूधवाला दारात, मी ओठाला कप लावून. पायाखाली भाग चिरडू नये आणि तो कुठं पडला ते ऐकू यावं, म्हणून ही शिस्त. हा टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरायचा आणि सापडला की सावकाश म्हणायचा, ‘हं, हाला आता.’ किती हसायचो आम्ही याला.

शेवटचं किट जीपचं होतं. अशाच जीपमधून त्यानं वहिनींना अल्लीपूरहून लग्न करून आणलं. मागं वऱ्हाडी आणि आंदण कोंबलेलं, भांड्यांवर मीही बसलेलो, म्हणून नवरीला पुढं डाव्या बाजूला बसवलं. त्या दिवशी जीप चिखलानं माखली होती. तो चिखल हुबेहूब हवा म्हणून यानं माती चाळायला वहिनींची पिठाची चाळणी पळवली. त्या भडकल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःच माहेरच्या शेतातली काळी माती पुडीत बांधून घेऊन आल्या. किटमध्ये आरसा एकच होता, ड्रायव्हरकडचा. वहिनी म्हणाल्या, माझ्या बाजूनंही होता, वळण येईपर्यंत आई त्यातच दिसत होती. एवढ्या संसारात गुणवंताला हे ठाऊक नव्हतं. कवळीच्या गुलाबी मसाल्यातून त्यानं तांदळाच्या कणीएवढा आरसा कोरला, काळा रंगवला, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी त्यावर चिकटवली. बसवायचा तेवढा राहिला होता.

तो गेला त्या संध्याकाळचं वहिनींनी तेरवीनंतर मला सांगितलं. त्या भजी तळत होत्या. टक् झालं, पाठोपाठ ‘हालू नका’ आलं, आणि त्या हातात झारा घेऊन थांबल्या.

‘मी हाललीच नाई, भाऊजी. तेल जळून राह्यलं होतं तरी नाई. मले वाटलं, शोधून राह्यले असतीन. हाला आता म्हनतीन, मंग जाईन.’

लवकर जाऊनही उपयोग झाला नसता, असं मी त्यांना समजावलं. खरं सांगायचं तर मलाही ते माहीत नाही. तेव्हापासून वहिनी त्या खोलीतला केर त्याच चाळणीतून चाळूनच टाकतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी बोलावून घेतलं. आरसा सापडला होता. रंग खरचटून आतला गुलाबी दिसत होता. त्यांचा हात कापतो, म्हणून मी बसवावा. मी गुणवंताच्या खुर्चीत बसलो, त्याचं भिंग डोळ्याला लावलं. खोलीत अजून थिनरचा वास आहे. चिमटा जीपपाशी नेला, आणि टक्... काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हालू नका.’

मागं वळून पाहिलं. वहिनी उंबऱ्यात, दोन्ही हातांत चाळणी, पापणीसुद्धा हलत नव्हती. ‘हाला, वहिनी. हाला आता.’ पुन्हा पुन्हा म्हणालो. केव्हातरी चाळणी हातातून पडली, त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि गुणवंता गेला त्या दिवशीही रडल्या नव्हत्या तशा रडल्या. शांत झाल्यावर म्हणाल्या, ‘तवा हे कोनीतरी म्हनाले पाह्यजे होतं, भाऊजी.’

हे लिहू का, असं मी विचारलं. लिहा म्हणाल्या.

आरसा पुन्हा सापडलेला नाही. जीप टेबलावर आहे, डावी बाजू तशीच बोडकी. वहिनी रोज केर चाळतात. फक्त आता चाळणी घेऊन आल्या की उंबऱ्याशी थांबतात, स्वतःशीच हळू आवाजात ‘हाला आता’ म्हणतात, आणि मगच आत पाय टाकतात.